कार्ड कुठंय तुमचं?

मुंबईच्या लोकलमध्ये तिकीट तपासायचं काम टीसीचं. पण बारा डब्यांच्या गाडीत दोन छोटे कप्पे असे आहेत, जिथे चढणाऱ्याची तपासणी आतले प्रवासीच करतात. नजर आधी पायांकडे जाते, मग हातांकडे, मग डोळ्यांकडे. कुबडी नाही, काठी नाही, काळा चष्मा नाही, चाल सरळ. लगेच प्रश्न येतो, ‘कार्ड कुठंय तुमचं?’ आवाज चढलेला असतो आणि एकेरीवर यायला दोन स्टेशनंही लागत नाहीत. ‘दिसत नाही का, हॅण्डिकॅपचा डबा आहे? उतर खाली.’

हा प्रश्न बऱ्याचदा योग्य माणसाला विचारलेला असतो. धडधाकट माणसं या डब्यात सर्रास घुसतात, हे रोज प्रवास करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण काही वेळा तो अशा माणसाला विचारला जातो, ज्याला या डब्याशिवाय दुसऱ्या डब्यात पाय ठेवणंच शक्य नसतं. त्याचं दुखणं बाहेरून दिसत नाही, एवढंच. त्या दोन-चार मिनिटांत त्याच्यावर जे गुदरतं, त्याची नोंद कुठल्याही पोलीस चौकीत होत नाही.

डबा कसा आहे, ते आधी पाहू. फलाटावर ठरावीक जागी बीप-बीप वाजणारं यंत्र बसवलेलं असतं. दृष्टिहीन प्रवाशाने त्या आवाजाच्या रोखाने उभं राहायचं, म्हणजे डबा समोर येतो. यंत्र बंद पडलेलं असेल तर शेजारच्याला विचारायचं आणि त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा. गाडी थांबते जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्यात उतरणाऱ्यांनी उतरायचं, कुबड्या सावरत चढणाऱ्यांनी चढायचं. फलाट आणि गाडीतलं अंतर कमी व्हावं म्हणून गेल्या दशकात बहुतेक फलाटांची उंची वाढवली गेली, त्याचा उपयोग नक्की झाला. तरी व्हीलचेअरवरच्या माणसाला गर्दीच्या वेळी एकट्याने लोकलमध्ये चढणं आजही जवळपास अशक्य आहे. त्यामुळे या डब्यात सर्वांत कमी दिसतो तो व्हीलचेअरवरचा प्रवासी, आणि डब्यावर चित्र असतं ते मात्र व्हीलचेअरचं. कोण अपंग आणि कोण नाही, याची लोकांच्या मनातली कल्पना त्या चित्रातूनच घडलेली आहे.

दिवसाला सुमारे ७५ लाख माणसं लोकलने प्रवास करतात. सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीला किंवा नालासोपाऱ्याला फलाटावर उभं राहिलं, की जनरल डब्याच्या दारातून बाहेर आलेली माणसं दिसतात आणि पुढे हॅण्डिकॅप डब्यात हात हलवण्याइतकी जागा दिसते. ती जागा पाहून माणसाचा पाय तिकडे वळतो. ‘फक्त दोन स्टेशनं,’ ‘दारात उभा राहतो, बसत नाही,’ ‘गाडी सुटली म्हणून चढलो’ ही ठरलेली कारणं. त्यात कुणी खाकीतला असतो, कुणी रेल्वेचाच कर्मचारी असतो. त्यांना विचारायची हिंमत सहसा कुणी करत नाही. रात्री उशिरा गर्दुल्ले सीटवर आडवे झालेले असतात. रात्री महिलांच्या डब्यात निदान होमगार्ड असतो. अपंग स्त्रीने मात्र लेडीजच्या रेटारेटीत जायचं की स्त्री-पुरुष सगळ्यांसाठी असलेल्या या जवळपास रिकाम्या डब्यात गर्दुल्ल्यांसमोर बसायचं, हे तिचं तिने ठरवायचं.

अशा घुसखोराला कायद्यात शिक्षा आहे. १९८९च्या रेल्वे कायद्याचं कलम १५५ सांगतं, की राखीव जागेतून उठायला नकार देणाऱ्याला रेल्वेचा अधिकृत कर्मचारी बाहेर काढू शकतो आणि पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आरपीएफ अधूनमधून मोहीम काढते, एका दिवसात बरेच लोक धरले जातात, छायाचित्रं छापून येतात. पुढच्या सोमवारी डबा पुन्हा भरलेला असतो. धडधाकट घुसखोराबद्दल माझ्या मनात कसलीही सहानुभूती नाही. गर्दीचा त्रास खरा आहे, पण तो त्रास सोसू न शकणाऱ्याच्या जागेवर बसून तो टाळायचा अधिकार कुणाला मिळत नाही.

अवघड भाग यानंतरचा आहे.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येतात. काही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात, काही नातेवाइकांकडे कल्याण-वसईला, काहींना तपासण्यांसाठी खारघरच्या केंद्रात जायचं असतं, म्हणजे कुर्ल्याला गाडी बदलून हार्बर पकडायची. या डब्यात बसायची त्यांना रीतसर परवानगी आहे, फलकावर तसं लिहिलेलं असतं. पण केमोचं तिसरं आवर्तन घेतलेला पस्तिशीचा तरुण टोपी घालून उभा असेल, तर तो फार तर थकलेला दिसतो. केमोनंतर आठ-दहा दिवसांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. त्या काळात गर्दीतला एखादा साधा ताप त्याला पुन्हा वॉर्डात नेऊ शकतो. पोटावर मलविसर्जनाची पिशवी लावलेल्या बाईला जनरल डब्यातला एक कोपर पुरेसा असतो. पिशवी साडीच्या आत असते, कुणाला दिसत नाही. मग ‘कार्ड’ म्हटल्यावर टाटाची फाइल बाहेर निघते. रिपोर्ट, पावत्या, डिस्चार्जचा कागद, सगळं चारचौघांत उघडायचं. कुणीतरी तो कागद हातात घेऊन वाचतो. त्याने तो का वाचावा? आपल्याला काय झालंय हे ज्या बाईने सासरच्या अर्ध्या लोकांनाही सांगितलेलं नाही, तिने ते घाटकोपर ते ठाणे या अंतरात अनोळखी माणसांना सांगायचं.

गुडघ्याखाली कृत्रिम पाय बसवलेला माणूस पँट घालून चांगला चालतो. जयपूर फुटचं यशच त्यात आहे. पण तो पाय गर्दीत नुसता दाबला गेला, तरी खुंटावरची कातडी सोलते आणि पुढचे चार दिवस पाय लावता येत नाही. हिमोफिलियाच्या रुग्णाला धक्का लागला की गुडघ्याच्या सांध्यात आतल्या आत रक्त साचतं, बाहेर ओरखडाही नसतो. मल्टिपल स्क्लेरॉसिस झालेली मुलगी सकाळी जिना चढून येते आणि संध्याकाळी त्याच जिन्यावर तिचे पाय ऐकेनासे होतात. सकाळी पाहिलेल्या सहप्रवाशाला संध्याकाळची काठी नाटक वाटते. गर्भवतींनाही या डब्यात मुभा आहे, पण मळमळ आणि चक्कर यांचा जोर असतो पहिल्या तीन महिन्यांत, पोट दिसायच्या आधी. दिसायला लागल्यावर लोक उठून जागा देतात, त्याआधी कागद मागतात.

बहिऱ्या माणसाची गोष्ट निराळीच. पाठीमागून कुणी ‘ए, कार्ड दाखव’ ओरडलं, तर ते त्याला ऐकूच येत नाही. तो खिडकीबाहेर पाहत राहतो. ओरडणाऱ्याला तो माज वाटतो. खांद्यावर हात पडल्यावरच त्याला कळतं, की आपल्यावर मघापासून आरोप चाललेला आहे. तेव्हा तो हातवाऱ्यांनी उत्तर देतो आणि ते कुणाला समजत नाही.

स्वमग्न मुलाच्या बापाचंही तसंच. सात-आठ वर्षांचं गोमटं पोर, दिसायला काहीच नाही. जनरल डब्यात अंगाला अंग लागलं, हॉर्न वाजला, की ते कान दाबून किंचाळतं, स्वतःचा हात चावतं. आठवड्यातून दोनदा थेरपीला न्यायचं तर हाच डबा. मूल शांत बसलेलं असेल तेव्हा बापाला उठवलं जातं, आणि ते किंचाळायला लागलं की ‘आवरा त्याला’ म्हणून.

प्रश्न विचारणाऱ्यांवर राग काढून मोकळं होणं सोपं आहे. मला ते करायचं नाही, कारण त्यांचीही बाजू भक्कम आहे. या डब्यात वर्षानुवर्षं प्रवास करणाऱ्यांत पोलिओ झालेल्यांची एक अख्खी पिढी आहे. कॅलिपर लावून, एका हाताने गुडघा दाबत चालणारी ही माणसं आज चाळिशी-पन्नाशी-साठीत आहेत. त्यांनी हा डबा फुकट मिळवलेला नाही. अर्ज, मोर्चे, स्टेशन मास्तरच्या केबिनबाहेरचे तास, उच्च न्यायालयातल्या याचिका, असं करत करत एकेक सोय पदरात पडली. त्यांनी इथे रोज भांडून जागा राखली, कारण ती राखायला दुसरं कुणी आलं नाही. घुसखोराच्या बुटाखाली कुबडी गेल्यावर काय होतं हे त्यांना माहीत आहे. शंभरदा खोटं ऐकलेला माणूस एकशे एकाव्यांदाही खोटंच धरून चालतो, यात मला नवल वाटत नाही.

आणि डबाही बदलतोय. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात नोंदला गेला, २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे कॅलिपर लावलेली नवी मुलं आता या डब्यात येणार नाहीत, आणि त्याचा आनंदच आहे. पण त्यांच्या जागी येणारे प्रवासी वेगळे आहेत. कर्करोगातून वाचलेले, अपघातानंतर शस्त्रक्रियेने उभे राहिलेले, पार्किन्सनचे, रक्ताच्या विकारांचे. वैद्यक जसं सुधारतंय, तसं अपंगत्व डोळ्यांना कमी दिसू लागलंय. पारखायची पद्धत मात्र जुनीच राहिली आहे.

कायद्याने हा बदल ओळखला. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, स्वमग्नता, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरॉसिस, अॅसिडहल्ल्यातून वाचलेले हे सगळे त्यात आले. विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी भागातल्या सिकलसेलच्या रुग्णांना त्यामुळे पहिल्यांदा प्रमाणपत्र मागता आलं. रेल्वे मात्र सवलतीचं कार्ड देताना दिव्यांगांचे चारच गट धरत आली आहे: सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, पूर्णपणे दृष्टिहीन, सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे बौद्धिक अक्षम, आणि मूकबधिर. मूकबधिर म्हणजे ऐकणं आणि बोलणं दोन्ही पूर्ण गेलेलं, एकाच माणसात. ज्याला ऐकू येत नाही पण बोलता येतं, तो या व्याख्येत बसत नाही. कर्करोग, हृदयविकार, थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांना उपचारासाठीच्या प्रवासाची वेगळी सवलत आहे, वेगळ्या कागदावर.

आता डब्यातलं चित्र पाहा. कर्करोग एकवीस प्रकारांत नाही, पण डब्याच्या फलकावर आहे. हिमोफिलिया एकवीस प्रकारांत आहे, पण फलकावर नाव नाही. केंद्राचं दिव्यांग ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड असलेल्याकडे रेल्वेचं कार्ड नसतं, रेल्वेचं कार्ड असलेल्याला यूडीआयडी अजून मिळालेलं नसतं, टाटाच्या रुग्णाकडे नुसती फाइल असते. २०२४च्या नियमांनुसार यूडीआयडीवर टक्केवारीप्रमाणे रंग आला: चाळीसच्या खाली पांढरा, चाळीस ते ऐंशी पिवळा, त्यावर निळा. पण टक्का सांगतो तो अवयवाचं किंवा इंद्रियाचं किती नुकसान झालंय ते. धावत्या गाडीत माणूस उभा राहू शकेल का, हे त्यातून कळत नाही. अनेक वेळा कमी टक्केवारीचा सांधा जास्त टक्केवारीच्या कानापेक्षा गर्दीत लवकर हार मानतो. मग निळ्या कार्डवाला आणि पिवळ्या कार्डवाला यांच्यात एका सीटवरून वाद होतो आणि दोघांचंही बरोबर असतं.

खोट्या प्रमाणपत्रांनी यात भर घातली. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर वादळ उठलं. त्यानंतर महाराष्ट्रात सरकारी कर्मचाऱ्यांच्या दिव्यांग प्रमाणपत्रांच्या फेरतपासणीची मागणी जोर धरू लागली, आणि दिव्यांग कल्याण विभागाचे सचिव म्हणून तुकाराम मुंढे आल्यावर २०२५ मध्ये तसे आदेश निघाले. खोटेपणा शोधलाच पाहिजे. दिव्यांग कायद्याचं कलम ९१ त्यासाठीच आहे, फसवून लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण अशा प्रत्येक प्रकरणाची झळ सर्वांत आधी लागते ती ज्याचं अपंगत्व दिसत नाही त्याला. प्रकरण वर्तमानपत्रात येतं आणि लोकलमधला आवाज आणखी चढतो.

याच कायद्यात कलम ९२ही आहे. दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर, तिला कमी लेखण्यासाठी, लोकांच्या देखत अपमान करणं किंवा तिला धमकावणं हा गुन्हा आहे आणि त्याला किमान सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद सांगितली आहे. म्हणजे डब्यात घुसणाऱ्याला पाचशे रुपये, आणि हिमोफिलियाच्या मुलाला चारचौघांत खोटारडा ठरवून हाताला धरून उतरवणाऱ्याला तुरुंग होऊ शकतो. उतरवणारा स्वतः कुबडीवर असला तरीही. हे कलम लोकांना भीती घालण्यासाठी वापरावं असं मी म्हणत नाही. पण ते आहे, हे डब्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

ज्येष्ठांचा वाद सगळ्यांत करुण. सत्तरीच्या गुडघ्याला आणि पोलिओच्या गुडघ्याला सारखीच कळ येते. तरी नुसतं वय झालेल्याला या डब्यात परवानगी नाही. त्यांच्यासाठी जनरल डब्यात मोजक्या सीट राखीव आहेत, पण तिथपर्यंत गर्दीतून पोचायचं कसं? मग आजी-आजोबा हॅण्डिकॅप डब्यात चढतात, कुणी गप्प राहतं, कुणी उठवतं, आणि वाकलेल्या म्हाताऱ्याला उठवणाऱ्या अपंगाकडे बाकीचे रागाने पाहतात. हा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. २०२४ मध्ये रेल्वेने तिथे मान्य केलं, की लोकलमधल्या मालडब्यांपैकी एक ज्येष्ठांसाठी बदलला जाईल. २०२५ मध्ये माटुंग्याच्या कारखान्यात असा डबा असलेली गाडी तयारही झाली. सगळ्या गाड्यांमध्ये तो यायला वेळ लागेल, पण वाद मिटवायचा सरळ रस्ता हाच आहे. दोन गरजू एका सीटसाठी भांडत असतील तर दुसरी सीट शोधायची.

डब्यातून उतरून स्टेशनबाहेर आलं, की हाच वाद पार्किंगमध्ये भेटतो. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेऊन येणारा अपंग माणूस राखीव चौकोनात गाडी लावतो. संध्याकाळी परत येतो तर दोन्ही बाजूंना मोटरसायकली खेटून उभ्या. त्याची स्कूटर रुंद, ती तिरकी काढता येत नाही, आणि शेजारची गाडी उचलून बाजूला करायची ताकद पायात नाही. मॉलमध्ये जमिनीवर व्हीलचेअरचं चित्र रंगवलेलं असतं आणि कुणी शिरू नये म्हणून पहारेकरी तिथे प्लास्टिकचा शंकू ठेवतो. गाडीतल्या अपंग माणसाने उतरून तो उचलायचा. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनी अशा जागेची रुंदी ३,६०० मिलिमीटर सांगितली आहे, दार पूर्ण उघडून व्हीलचेअर शेजारी यावी म्हणून, आणि इमारतीच्या दारापासूनचं अंतर तीस मीटरच्या आत. ती मोकळी जास्तीची रुंदी दिसली, की कुणीतरी तिथे स्कूटर घुसवतो.

हा वाद आपल्याकडेच आहे असं नाही. ब्रिटनमध्ये १९७०च्या कायद्यानंतर अपंगांच्या गाड्यांना पार्किंगचा बिल्ला मिळू लागला, आधी नारिंगी, पुढे निळा. ३० ऑगस्ट २०१९पासून इंग्लंडमध्ये तो न दिसणाऱ्या अपंगत्वालाही मिळू लागला. बिल्ला द्यायचा की नाही हे स्थानिक प्रशासन ठरवतं आणि तो गाडीच्या काचेआड ठेवला की झालं, शेजारून जाणाऱ्याला कारण सांगायची गरज नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत २०१७ पासून ‘कृपया मला बसायला जागा द्या’ असं लिहिलेला निळा बिल्ला मिळतो. त्यामागे घशाच्या कर्करोगावर उपचार घेणारा एक प्रवासी होता. औषधांनी तो डुलायचा, बोलता येत नव्हतं आणि लोकांना तो दारूच्या नशेत वाटायचा. म्हणून त्याने स्वतःच एक बिल्ला बनवून छातीवर लावला. आता तिथे तो बिल्ला मागणाऱ्याला डॉक्टरचा कागद विचारत नाहीत. मुंबईच्या गर्दीत बिनकागदाचा बिल्ला टिकेल असं मला वाटत नाही. पण माणसाला आपला आजार न सांगता आपली गरज सांगता यावी, ही त्यातली गोष्ट आपण नक्की घेऊ शकतो.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले, तेही जुन्या, तोकड्या व्याख्येने. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे किमान नियम केंद्राने बंधनकारक करावेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. लोकलचा डबा या निकालाच्या कक्षेबाहेर आहे असं कुणी म्हणू नये. रेल्वेने आधी कुणाला इथे बसता येईल याची एकच यादी करावी, एकवीस प्रकार आणि कर्करोग, गर्भवती आणि सोबती यांसह, आणि ती मराठीत, मोठ्या अक्षरांत डब्यात लावावी. सगळ्यांना चालेल असं एकच कार्ड असावं, ज्यावर आजाराचं नाव बाहेरून दिसणार नाही. आणि कार्ड मागायचा अधिकार फक्त रेल्वेच्या माणसाला आहे, हेही त्याच फलकावर लिहावं. शंका आली तर प्रवाशाने १३९ वर कळवावं, अंगावर जाऊ नये.

अर्थात फोन केल्यावर कुणीतरी आलं पाहिजे. नाही आलं तर ज्यांनी वर्षानुवर्षं हा डबा राखला, ते पुन्हा स्वतःच राखायला उठतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. गर्दीच्या वेळी ठाणे, कुर्ला, दादर, अंधेरी, बोरिवली या स्टेशनांवर हॅण्डिकॅप डबा नेमका कुठे थांबतो हे रेल्वेला पक्कं माहीत आहे, तिथेच तर ते बीप वाजणारं यंत्र बसवलंय. त्या जागी सकाळ-संध्याकाळ गणवेशातला एक माणूस उभा करायला नव्या कायद्याची गरज नाही.